कात्रीने कापलेली सही

बाळांनो, गेल्या महिन्यात इब्राहिमभाईंच्या मुलीचं पत्र आलं. "अब्बा झोपेतच गेले, फुफी..." पत्राची घडी घातली आणि कपाटातून माझ्या वडिलांचं पुस्तक काढलं. ते का, हे नीट क्रमाने सांगते.

पन्नासचं दशक सरता सरता आम्ही कुवेतला गेलो. तिथल्या हवल्ली भागात आमच्या घराखालीच किराण्याचं दुकान होतं. मालक अरब, पण सगळं बघायचे इब्राहिमभाई. पहिल्याच दिवशी माझं माहेरचं आडनाव ऐकून त्यांनी मान वर केली. "मास्तरांची पोर ना तू?" रायगडच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव एकच निघालं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे ज्यू, हे तिथे फक्त त्यांना ठाऊक होतं आणि इस्रायलशी वैर असलेल्या त्या देशात ते कुणाजवळ बोलले नाहीत. शनिवारी, आमच्या शब्बाथला, मी चूल पेटवत नसे, म्हणून शुक्रवारी दुपारीच सामान वर यायचं. प्रत्येक पुडीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नाव लिहिलेलं.

माझ्या वडिलांनी, गावच्या मास्तरांनी, आमच्या प्रार्थना हिब्रूतून मराठीत आणल्या होत्या. ते गेल्यावर काही वर्षांनी मुंबईच्या आमच्या समाजाच्या मासिकात एका विद्वानाने लिहिलं, की हस्तलिखित मास्तरांच्या अक्षरात नाही, तेव्हा भाषांतर दुसऱ्याचंच. वडिलांच्या एका शिष्याने त्याला उत्तर देणारा लेख लिहिला, तिसऱ्याने दोघांची खिल्ली उडवली. अंकामागून अंक हेच. भाऊ ते अंक पापडांच्या डब्यात तळाशी घालून पाठवायचा. मला जेवण जाईना. वडिलांनी मागे ठेवलं होतं ते नावच.

एका दुपारी न राहवून तो अंक इब्राहिमभाईंपुढे ठेवला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला.

"अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "मास्तरांना शेवटी दिसत नव्हतं. शाळेतली नोकरी जाईल म्हणून कुणाला कळू दिलं नाही. ते सांगायचे, मी लिहायचो. थांब, आत्ता लिहून देतो."

पण ज्यूंच्या मासिकात छापलेलं नाव कुणी मालकाला दाखवलं असतं, तर त्यांना गावी परतावं लागलं असतं. घरी सात माणसं त्यांच्यावर होती. मी म्हटलं, "राहू द्या, भाई."

"मला लिहायला शिकवलं कुणी? त्यांचं नाव जातंय आणि मी माझं झाकून बसू?"

डाळीच्या पोत्याला टेकून त्यांनी पत्र लिहिलं. खाली पूर्ण सही केली.

वर येऊन मी कात्री घेतली, सही तेवढी कापली आणि पत्र पाठवलं.

हस्तलिखिताशी अक्षर जुळलं. विद्वानाने आरोप मागे घेतला, शेवटच्या पानावर, चार ओळींत. इब्राहिमभाईंनी त्या दोनदा वाचल्या.

"माझं नाव नाही?"

"जागा नसेल..."

"मास्तरही खोटं बोलताना असेच दुसरीकडे बघायचे," ते म्हणाले, आणि हसत माझी पुडी बांधू लागले.

सहीची ती कापलेली पट्टी अजून वडिलांच्या पुस्तकात आहे, शब्बाथच्या प्रार्थनेच्या पानात. शाई तपकिरी झाली आहे, अक्षर तसंच टपोरं. आता कुणाची नोकरी जायची नाही. म्हणून आज ते नाव छापायला देते आहे: इब्राहिम हसन दिवेकर.