पतंग अडकला तर

"हे वाचून मी काय करू, ते सांग ना गा!" माझा मसुदा हातात घेताच शेजारच्या काकू एवढंच म्हणायच्या आणि पेनाचं टोपण काढायच्या.

इतवारीतल्या आमच्या गल्लीत विजेच्या तारा गच्च्यांना खेटून जातात. तारेत अडकलेला पतंग काढताना धक्का बसून एका पोराचा हात गेला. मी पेटलो होतो. गच्चीच्या दारावर लावायच्या पाटीसाठी लिहिलं: "निर्लज्ज व्यवस्थेच्या बेपर्वाईमुळे मृत्यूच्या छायेत जगणाऱ्या नागरिकांनो, सावधान!"

काकूंनी आयुष्यभर रेडिओसाठी साबणाच्या जाहिराती लिहिलेल्या, तोराही तसाच. "वीज कंपनीले पत्र लिही, त्यात शिव्या दे, सही माही घे. पण पोरगं पतंगामागं पळून राहिलं, ते हे वाचंल का?"

मग त्यांनी मसुदा गच्चीच्या दारावर चिकटवला, पदर खोचला आणि जिना धावत चढत मोठ्यानं वाचला. दम लागेपर्यंत जे वाचून झालं नाही, ते खोडलं. खाली बायका हसत होत्या. काकू पुन्हा धावल्या. 'सावधान'ही गेलं.

उरलं ते असं: "पतंग तारेत अडकला? सोडून दे. दुसरा घे."

"काकू, 'दुसरा घे' कशाला?"

"नुसतं सोड म्हटलं तर पोट्टं ऐकते का? त्याले काही भेटलं पाहिजे ना!"

एका पुढाऱ्याला पाटीवर हात जोडलेला स्वतःचा फोटो हवा होता. तुम्हीही पाहता ना असल्या पाट्या, सूचना कमी आणि दात जास्त? काकू त्याला म्हणाल्या, "भाऊ, फोटो काहून? तुम्हीच उभे राहा ना गच्चीवर, तारेजवळ." तो पुन्हा फिरकला नाही.

पाटी घरोघरी गच्चीच्या दारांवर लागली आणि काकूंनी आपल्या दाराशी पतंगांचा गठ्ठा टांगला. "लिहिलं ना आपण? मग द्या लागते." पोरं पतंग सोडून धडाधड खाली यायची, नवा घेऊन वर पळायची. काकू प्रत्येकाला दम द्यायच्या आणि रंग निवडू द्यायच्या.

दिवाळीनंतर काकू गेल्या. तारा तिथेच आहेत; लाज कुणालाच नाही.

यंदा संक्रांतीला समोरच्या गच्चीवर एका पोरीचा पतंग अडकला. तिनं तारेकडे पाहिलं, मांजा सोडला आणि खाली येऊन काकूंचं दार वाजवलं. कुलूप पाहून ती अडकलेल्या पतंगाकडे बघत पुन्हा आपल्या जिन्याकडे वळली.

"थांब वं!" मी ओरडलो, आणि चपला न घालताच पतंगांच्या दुकानाकडे पळत सुटलो.