बसून करायचं काम

माझ्या मुलीच्या उजव्या गुडघ्यात, कूर्चेच्या खाली, हाडाचा छोटा भाग मऊ पडला होता. ती तेरा वर्षांची. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाढत्या वयात हे ऑपरेशनशिवाय भरून येऊ शकतं. गुडघ्याला पट्टा, कुबड्या आणि तीन महिने पायावर अजिबात जोर नाही.

"बसून राहिली तर चालते ना?" मी विचारलं.

"चालेल."

मी सोयीचं तेवढंच ऐकलं. आम्ही कोसा रेशीम विणतो. आमचा माग खड्ड्याचा; विणणारा काठावर बसतो, पाय खाली, दाबायच्या पावड्यांवर. आमच्या घरात उभं राहून ताण्याचे लांब धागे पसरणं म्हणजे कष्ट, आणि मागावर बसणं म्हणजे नुसतं बसणं. बायको तिच्या आजारी आईकडे लाखनीला गेली होती, लग्नाच्या साडीचा वायदा जवळ आला होता. मी पोरीला मागावर बसवलं. पट्ट्यामुळे गुडघा वाकेना, तर पट्टा मीच सोडला. धोटा फेकला की तिचा पाय पावडी दाबायचा, हे मी रोज पाहत होतो.

"बाबा, दुखून राहिलं थोडं."

"झालंच बेटा, पदर तेवढा राह्यला."

तीन महिन्यांनी तपासणीला डॉक्टरांनी एक्स-रेचा नवा फोटो उजेडात धरला. "काहीच भरलं नाही. जोर दिला होता का पायावर?"

"नाही," मुलगी माझ्याकडे न पाहता म्हणाली. "एक दिवस बी नाही."

"पूर्ण आराम करूनही भरत नसेल, तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

मी होकाराची मान हलवली. खरंच हलवली. ऑपरेशनचा कागद घेऊन बाहेर आलो.

बाहेर बाकावर तिनंच मला धीर दिला. "तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी नाही भेत ऑपरेशनले." कुबडीवरची तिची बोटं पांढरी पडली होती.

मी परत आत गेलो. माग, पावड्या, पट्टा, सगळं सांगितलं.

"दहा मिनिटांपूर्वी तोंड नव्हतं का तुम्हाला?" डॉक्टर म्हणाले. मग ऑपरेशनचा कागद त्यांनी परत घेतला. आरामाचे तीन महिने पुन्हा पहिल्या दिवसापासून. या वेळी भरेलच, अशी हमी नाही.

बाहेर येऊन मुलीला सांगितलं. ती रडायला लागली, मोठ्यानं, सगळ्यांसमोर.

"सांगाचंच होतं तर मले खोटं काहून बोलू देलं?"

मी तिच्या बाजूला बसून राहिलो. डोळे पुसायला हात पुढे केला, तर तिनं तोंड फिरवलं.