एकदाच दाबलेलं बटण

आमच्या वहिनींना ऑफिसात सगळे 'पुन्हाबाई' म्हणतात. त्यांचं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि वर त्यांच्याच शिव्या खायच्या. घरीही तोच खाक्या. दादाने दार लावलं की या मागून जाऊन कडी ओढून बघणार. "वहिनी, नवरा निवडताना का नाही अशी तपासणी केलीत?" असं मी विचारायचो. "तेव्हा मी शिकाऊ होते, भाऊजी," हे उत्तर ठरलेलं.

नोकरी सांभाळून त्या संशोधनही करत होत्या. विषय होता लहरी चाचण्या. सॉफ्टवेअर तपासायला जे छोटे प्रोग्रॅम लिहितात, त्यातले काही काल पास, आज नापास, उद्या पुन्हा पास. मधे कुणी कशाला हातही लावलेला नसतो. या खोट्या ओरड्यापायी ऑफिस हैराण. वहिनींनी ढीगभर उदाहरणं चाळून निष्कर्ष काढला, की नापास झालेली चाचणी लगेच पुन्हा चालवावी. पास झाली तर दोष चाचणीचा, सॉफ्टवेअरचा नाही. त्यावरच्या शोधनिबंधाचं कौतुक झालं. ऑफिसने तर नियमच करून टाकला. मशीन आपोआप चाचणी पुन्हा चालवायचं आणि हिरवा दिवा लावून मोकळं व्हायचं. वहिनी तेव्हा हवेत होत्या, आणि त्यांच्या जोडीने आम्हीही.

त्यांच्या कंपनीने वृद्धाश्रमांसाठी मनगटी पट्टा बनवला होता. त्यावरचं बटण दाबलं की नर्सच्या फोनवर हाक जायची. एका आश्रमात एक म्हातारे शिंपीकाका सकाळी न्हाणीघरात पडले, खुबा मोडला, आणि जेवायला का आले नाहीत म्हणून दुपारी नर्स बघायला गेली तेव्हा कुठे सापडले. मुलाने तक्रार केली. कंपनीने कळवलं, बटण दाबल्याची नोंदच नाही.

ते उत्तर वाचून वहिनींना चैन पडेना. त्यांनी जुने निकाल उकरले. बटणाची चाचणी पहिल्या फेरीत अधूनमधून नापास होत होती आणि दुसऱ्या फेरीत पास. पट्टा बराच वेळ स्वस्थ राहिला की झोपी जायचा. पहिलं दाबणं त्याला जागं करण्यातच खर्ची पडायचं, हाक जायचीच नाही. दुसरं मात्र बरोब्बर पोचायचं. हा खराखुरा दोष वहिनींच्या नियमाने लहरीपणात जमा केला होता.

संध्याकाळी त्या माझ्या गॅरेजात येऊन जुन्या टायरवर बसल्या. "भाऊजी, चाचणी खरं बोलत होती. मी तिला गप्प बसवलं."

"अहो, आम्हीही तेच करतो," मी समजूत घालायला गेलो. "गिऱ्हाईक सांगतं, कधीकधी आवाज येतो. आम्ही चक्कर मारतो, आवाज येत नाही, गाडी परत देतो."

"आणि मग?"

मी पाना उचलून समोरच्या गाडीखाली शिरलो.

साहेबांनी दोष गुपचूप दुरुस्त करून घेतला. "आता विषय उकरू नका, याच नियमावरचा तुमचा प्रबंधही सादर व्हायचाय," म्हणाले. दादाही नोकरीच्या काळजीने तेच म्हणाला, तेव्हा मला त्याचा रागच आला. वहिनींचं जेवणावरचं लक्ष उडालं. अशात काकांच्या मुलाचा ऑफिसात फोन आला. पट्टा घेऊन जा. बाबांना बटण दाबायचंही सुचत नाही, तर त्यांना विसरभोळ्यांच्या मजल्यावर हलवतोय. तिथे दाराला बाहेरून कुलूप असतं.

दुसऱ्या दिवशी मीच वहिनींना गाडीने आश्रमात नेलं. "प्रबंध मागे घेतला, मार्गदर्शक सरांना सकाळीच सांगितलं," एवढंच त्या वाटेत बोलल्या.

काका पलंगावर होते. मुलगा कपाटातले कपडे बॅगेत भरत होता. आम्ही बसायच्या आत काकाच म्हणाले, "कंपनीच्या ना तुम्ही? माफ करा हं बाई. मला वाटत होतं, मी दाबलं. मग म्हटलं, येतीलच, त्यांनाही दुसरी कामं असतात. पण हा म्हणतो नाही दाबलं, तर नसेल. हल्ली माझं काही खरं नाही."

वहिनी पलंगापाशी गेल्या. "काका, तुम्ही दाबलं होतं. दोष पट्ट्यात होता. आमच्या चाचणीत तो दिसलाही होता. पण दुसऱ्यांदा पास झाली की सोडून द्या, हा नियम माझा. कंपनीचं उत्तर खोटं आहे. मी तसं लिहून देते."

मुलाच्या हातातला शर्ट तसाच राहिला. "मॅडम, मी यांना रोज... नको नको ते बोललोय मी यांना." आता हा वहिनींवर धावून येतो की काय, म्हणून मी पुढे सरकलो. पण तो मटकन खाली बसला.

काका मात्र उठायला धडपडू लागले. "म्हणजे मी दाबलं होतं?"

"हो, काका."

"नक्की?"

"नक्की."

"अरे, ऐकलंस का? मी दाबलं होतं!" त्यांनी नर्सला हाक मारून तिलाही सांगितलं, तिच्यामागून डोकावणाऱ्या झाडूवालीलाही सांगितलं. मोडक्या खुब्याबद्दल अवाक्षर नाही. उलट वहिनींचे दोन्ही हात धरून म्हणू लागले, "फार उपकार झाले, पोरी."

वहिनींना हुंदका आवरेना. "काका, आभार नका हो मानू," इतकंच त्यांना बोलता येत होतं, आणि काका मानतच राहिले.