उकिरड्याखालचं चर्च

चेर्मानमध्ये सेल्वी हालाला घाबरत नाही असा एकच माणूस होता, आणि तो ठार बहिरा होता. हाला म्हणजे आत्या. सख्खा भाचा एकच, पण तिच्या तोंडाचा पट्टा सगळ्यांवर चाले, म्हणून ती गावाचीच हाला झाली.

गाव रोमनांपेक्षा जुनं, तुर्कस्तानात युफ्रेटिसच्या काठावरचं. गवंडी, तांबट, रेशीमवाले असे निम्मे लोक आर्मेनियन होते. १९१५च्या उन्हाळ्यात त्यांना वाळवंटाकडे हाकलून दिलं आणि उरलेल्यांनी त्यांची घरं वाटून घेतली. एका खाटकाने आठ वर्षांची एक पोर मात्र ठेवून घेतली. हेरिकनाझची तिथे फातमा झाली आणि पुढे त्याच घरची सून. सेल्वी तिची लेक.

मरताना आईने एवढंच मागितलं, "माझा बाप्तिस्मा झाला तिथे एक मेणबत्ती लाव." मागणं सोपं होतं. पण चर्चचा गावाने केव्हाच उकिरडा केला होता. छप्पर गेलेलं, भिंती तेवढ्या उभ्या, आणि आत पुरुषभर उंच शेण, राख, मेलेली कुत्री. सेल्वी नगरपालिकेत खेटे घालून दमली. तिथले साहेब चहा पाजत आणि हसत.

आता चेर्मानला एक जुनं खूळ होतं. आर्मेनियनांनी जाताना सोनं पुरून ठेवलंय, हे शेंबडं पोरही सांगे. दगडावर क्रूस दिसला की खण, कोरलेला पक्षी दिसला की खण. लोकांनी स्वतःच्या चुली उखडल्या, मिळाली ती फक्त माती. या खुळाचा म्होरक्या सेल्वीचा भाचा नेव्झात, मिनीबस चालवणारा. चहाच्या दुकानात बसून तो काफरांवर विनोद करतो हे तिच्या कानावर येई, आणि तिचं रक्त उकळे. आजी नको, आजीचं सोनं तेवढं हवं.

एका हिवाळ्यात तो दारात आला.

"हाला, आजी जाताना काहीतरी बोलली होती म्हणे."

"बोलली होती."

नेव्झात बुटांसकट आत शिरला.

"चर्चमध्ये, वेदीसमोर," सेल्वी म्हणाली. "पण तिथे मंतरलेलं आहे. भिंतीचा एक चिरा जरी हलला ना, तर डोकं आपटलंस तरी हाती काही लागायचं नाही. आधी सगळी घाण उपसा. फरशी धुवा. मग मला बोलवा."

ती धडधडीत खोटं बोलली, आणि तिला त्याची काडीचीही लाज वाटली नाही.

मग काय विचारता! ज्यांनी जन्मात घरचा झाडू उचलला नव्हता ते गडी बर्फात फावडी घेऊन उभे राहिले. नगरपालिकेने ट्रॅक्टर दिला, कारण साहेबांनाही वाटा हवा होता. भिंतीला कुणाचा कोपर लागला तरी बाकीचे त्याच्या अंगावर धावून जात.

वसंतात निरोप आला. सेल्वी चर्चमध्ये शिरली आणि तिचे पाय थबकले. आईने सांगितलेली ती लाल-पांढरी फरशी, ओली, चकचकीत. तिला रडू आलं, आणि सगळ्यांदेखत ती रडली. मग तिने वेदीसमोर मेणबत्ती लावली.

"खणायचं कुठे?" उपसणाऱ्यांतल्या रेजेपने विचारलं.

"खणायचं कशाला? माझं काम झालं."

हे डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मग रेजेपने पहार आपटली.

"थेरडीने फुकट राबवलं आपल्याला. काफराचीच औलाद शेवटी."

"काफराचीच," सेल्वी म्हणाली. "माझी आई आर्मेनियन. तिचा बाप्तिस्मा इथे झाला. आणि हा नेव्झात तिचा नातू. त्यालाही घाल ना शिवी, मलाच काय म्हणून?"

सगळ्यांना ठाऊक होतं, पण आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. माना नेव्झातकडे वळल्या.

"हाला, गप्प बस ना गं," तो पुटपुटला.

"जन्मभर गप्पच होते. आता तू बोल. नाव काय तुझ्या आजीचं?"

रेजेप मेणबत्ती लाथाडायला पुढे सरला. नेव्झातने हातातलं फावडं टाकलं आणि त्याच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"हेरिकनाझ," तो घशातल्या घशात म्हणाला.

"ऐकू आलं नाही," सेल्वी म्हणाली.