ओटीतला तांदुळजा

"ओटी सोड," मालकीणबाई म्हणाली. बांधावर. सगळ्या बायांसमोर.

मी सोडली. तांदुळजा पडला, पाथरी पडली, घोळीच्या लालसर काड्या पडल्या. दुसरं काय निघणार? सोयाबीन खुरपताना जे उपटून फेकायचं, तेच मी ओटीत घातल्तं. पोटुशी व्हते मी. पोटुशी बाईची ओटी लोकं भरतेत. माझी झाडून घेतली.

"आमच्या रानातली काडीबी न्यायची न्हाई. इचारायची रीत न्हाई का तुमच्यात?"

तुमच्यात. आमची माणसं पयले मेंढरं घेऊन फिरायची, आता मजुरी करतेत. मला ते बराबर कळलं. सासू शेजारीच खुरपत व्हती. ती हात जोडून माफी मागू राह्यली. मी मान खाली घातली. भाजी तिथंच उन्हात सुकली. दवाखान्यातल्या सिस्टरनं माझं रक्त कमी हाय म्हणून पालेभाजी खायला सांगितल्ती. आष्टीच्या बाजारातून रोज आणणं जमत नव्हतं. रानात फुकट व्हती, ती अशी गेली.

मंग त्यांनी तणनाशक मारलं. आमचं खुरपायचं काम गेलं, बांधापर्यंतची भाजीबी करपली.

त्यानंतर अंगणवाडीत पोषणाचा कार्यक्रम झाला. खुर्चीवर मालकीणबाई, गळ्यात हार. माईकवर सांगू राह्यली, तांदुळज्यात लोह असतं, पाथरीनं, घोळीनं ताकद येते, पण आपल्या गरीब बायांना अडाणीपणामुळं त्याची किंमत कळत न्हाई. बाया टाळ्या वाजवू लागल्या. माझेबी हात उठले. अर्ध्यातच थांबले.

मी पोट धरून उभी राह्यले.

"बाई, मला माहीत व्हतं. मी खायलाच नेत व्हते. तुमी बांधावर सांडायला लावली."

बाईनं हार सारखा केला. अंगणवाडीच्या बाईनं भाषणाला पुढचं नाव पुकारलं. सासूनं पदर ओढून मला खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना त्या घरचं उरलंसुरलं कामबी बंद झालं. त्यांचं ऐकून बाकीच्या मोठ्या शेतातलंबी.

पोरगी झाली. बारीक. रडताना दम लागतो तिला. माझं रक्त अजून कमीच.

परवा सिस्टरनं परत इचारलं, पालेभाजी का खात न्हाईस? सासूनं डोळ्यानं दटावलं. पयले अशा वक्ताला मी मान खाली घालायचे. या बारीला मालकीणबाईचं नाव सांगितलं, रान कोणतं ते सांगितलं, काय झालं ते सगळं सांगितलं.

सिस्टर म्हणाली, "ह्यात मी काय करणार गं?"

काही न्हाई. तेबी मला माहीत हाय. पण जो इचारील, त्याला मी नावानिशी सांगणार. काम मिळो, न मिळो.