बारावं नाव

आमच्या यादीत अकरा नावं होती. बारावं लिहायला माझ्याकडे पाच वाजेपर्यंतचा वेळ होता. बनारसमधल्या क्लबांची बास्केटबॉल लीग दर हिवाळ्यात होते, तिचा नियम सरळ आहे. बारा खेळाडूंची नावं, प्रत्येकाच्या नावासमोर त्याची स्वतःची सही, आणि एकदा कागद आत गेला की सीझन संपेपर्यंत फेरबदल नाही. बाराला एक जरी कमी असला तरी कागद परत करतात.

अकरा जण जमवतानाच आमचा खिसा रिकामा झाला होता. आमच्या क्लबमागे एक साडीवाला आहे. तो कपडे, बूट आणि येण्याजाण्याचं भाडं देतो, त्यापलीकडे हात वर करतो. त्यामुळे ऐन भरातले खेळाडू दरवर्षी दुसरे क्लब पळवतात आणि आमच्या वाट्याला दोनच प्रकारचे लोक उरतात. एक, ज्यांना आता कोणी विचारत नाही असे. दोन, ज्यांना अजून कोणी ओळखत नाही असे. त्या वर्षी जागा एक होती आणि दोन्ही प्रकारचा एकेक माणूस समोर उभा होता.

जुना होता तो आमचा गुरु. बनारसमध्ये निम्मं गाव एकमेकांना गुरु म्हणतं, पण आमच्या कोर्टावर ती हाक त्याच्या एकट्याची होती. वय अडतीस, बोर्डाखाली उभा राहणारा दांडगा गडी, पंधरा वर्षं आमच्याकडून खेळलेला. डावा गुडघा कामातून गेलेला. नवा होता एकोणीस वर्षांचा कॉलेजातला पोरगा, गुरुपेक्षा चार बोटं उंच. तो उडी मारायचा तेव्हा बघणारे बोलायचे थांबत. फ्री थ्रो मात्र दहातले तीनच आत जायचे.

निवड करणार होतो आम्ही दोघं. मी मॅनेजर, बँकेतून अर्धा दिवस सुट्टी टाकून आलेला. आणि दादा, माझा चुलतभाऊ, कोच. आम्ही दोघं ब्रह्मा घाटच्या गल्लीत एका घरात वाढलो. आजूबाजूला सगळी हिंदी, घरात मराठी. लहानपणापासून आम्हाला एक खोड लागलेली आहे. चारचौघांत कोणाबद्दल काही बोलायचं असलं की आम्ही मराठीत घुसतो. भाजीवाल्यासमोर, मास्तरांसमोर, पाहुण्यांसमोर, सर्रास. आमच्या घरातली सगळी माणसं हेच करतात आणि यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. बेंचवर तर आमचं सगळं कामकाजच मराठीत चालायचं. कोणाला काढायचं, कोण आळशी आहे, कोणाचं डोकं ठिकाणावर नाही, हे खेळाडूंच्या शेजारी बसून मोठ्यानं.

आदल्या दिवशी संध्याकाळी गुरु मला चहाच्या दुकानात भेटला होता. तो एका खाजगी शाळेत खेळ शिकवायचा. शाळेनं त्याला सांगितलं होतं की या सीझनमध्ये लीगच्या यादीत नाव असेल तर पुढेही कामावर ठेवू, नाहीतर दुसरा माणूस बघू. त्याला दोन मुली आहेत. त्यानं हात जोडले नाहीत की काही मागितलं नाही, नुसतं सांगितलं. मला समोरच्याला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "अरे गुरु, आपका नाम तो लिखा हुआ है. पक्का समझिए."

रात्री घरी विचार केला आणि माझं मन पालटलं. गेल्या वर्षी बोर्डाखाली आम्ही मार खाल्ला होता. आम्हाला पोरगाच हवा होता. हे मी आजही म्हणतो.

दुपारी अडीचला दोघांना कोर्टावर बोलावलं आणि तीन-तीनचा सामना लावला. गुरुनं सुरुवात झकास केली. अंगानं पोराला असा अडवून धरला की पोराला बॉल दिसेना. दोन पास असे दिले की समोरच्यानं फक्त हात वर करायचा होता. मग आठव्या मिनिटाला पोरगा त्याच्या डोक्यावरून उडाला आणि बोर्डावरून उसळलेला रिबाउंड घेऊन गेला. दहाव्या मिनिटाला पुन्हा. बाराव्याला गुरु कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मला बघवेना आणि त्याचा रागही आला. कशाला आलास, असं वाटलं.

सामना थांबला. गुरु आमच्यापासून दोन हातांवर बेंचवर बसून गुडघ्याची पट्टी सोडू लागला.

"ह्याचा दम फुलतो रे," मी दादाला म्हणालो. "गुडघा तर गेलाच आहे. आता काय कीव म्हणून घ्यायचा? पोराला घेऊ."

दादा माझ्याकडे बघत राहिला. तो मला पन्नास वर्षं ओळखतो. "तू ह्याला काही शब्द दिलायस का? खरं सांग."

"छे! मी कशाला शब्द देऊ?"

"मग काल मी फोन केला तेव्हा हा एवढा खूश का होता?"

"मला काय माहीत. मी ह्याच्याशी काही बोललेलो नाही."

दादाचं समाधान झालं नाही. तो सरळ गुरुकडे वळला आणि त्यानं हिंदीत विचारलं, "सुनो, इसने तुमसे टीम के बारे में कुछ कहा था? कोई वादा किया था?"

आता हा हो म्हणणार, आणि दादा मला कोर्टावर सगळ्यांसमोर सोलून काढणार. गुरुचा पट्टी गुंडाळणारा हात क्षणभर थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"नहीं बड़े भैया," तो म्हणाला. "हमसे तो कोई बात नहीं हुई."

त्यानं पट्टी पिशवीत टाकली, आम्हा दोघांना नमस्कार केला आणि लंगडत गेटबाहेर गेला. मी सुटलो. खरं सांगतो, त्या वेळी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. मी बेंचवर बसलो, मांडीवर यादी ठेवली, पोराला सहीसाठी हाक मारली आणि बाराव्या ओळीवर पेन टेकवलं.

आणि मग पेन तिथेच राहिलं. तो नाही का म्हणाला? त्याला पक्कं सांगितलं होतं मी, कालच. दादानं हिंदीत विचारलं तेव्हा कुठलाही माणूस म्हणाला असता, हो, भैयांनी सांगितलंय, नाव लिहिलंय म्हणून. त्यात लपवण्यासारखं काय होतं? लपवायचं काही आहे हे त्याला कळायला एकच वाट होती. मी दादाशी खोटं बोललो ते त्यानं ऐकलं होतं. मराठीतलं.

माझे कान तापले. मागचं सगळं भराभर आठवायला लागलं. टाईम-आउटमध्ये दादा मला म्हणायचा, ह्याला आता काढू, आणि दादानं हाक मारायच्या आत गुरु टॉवेल घेऊन खाली बसलेला असायचा. आम्ही म्हणायचो, किती समजूतदार आहे. त्याचे वडील वारले तेव्हा पंधरा दिवसांत तो खेळायला आला होता. मी त्याच्या शेजारी बसून दादाला सांगितलं होतं की आज ह्याला उतरवू नकोस, रडका चेहरा घेऊन फिरेल. तो तेव्हा बूट बांधत होता.

"दादा," मी म्हणालो, "मी शब्द दिला होता."

दादानं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मी बाकीचंही सांगितलं, गुरुला मराठी कळतं हेही. मग पोराला बाजूला घेऊन दादानं पुढच्या वर्षी बघू असं सांगितलं. "जी सर," म्हणून पोरानं बॅग उचलली. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या क्लबकडून खेळला आणि त्यानं आम्हाला हरवलं, तेव्हा त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायची माझी हिंमत झाली नाही.

"जा, सही आण," दादा मला म्हणाला. "आणि तू एकटा जा."

पावणेचार झाले होते. गुरु फोन उचलत नव्हता. तो रामघाटच्या वरच्या गल्लीत राहतो. गल्लीत स्कूटर शिरत नाही, ती बाहेर लावून मी पळत सुटलो. घरी नव्हता. त्याच्या बायकोनं हसून माझं स्वागत केलं, चहा घ्या म्हणाली, आणि घाटाकडे हात दाखवला. खेळून आल्यावर दुखरा गुडघा गंगेच्या गार पाण्यात धरायची त्याची सवय आहे. खालच्या पायरीवर तो पँट वर दुमडून बसला होता.

मी यादी पुढे केली. "गुरु, यहाँ साइन कर दीजिए. जल्दी."

त्यानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कीव आला का?" त्यानं मराठीत विचारलं.

पंधरा वर्षांत त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं मराठी. हेल बनारसी होता, पण माझाच शब्द त्यानं मला परत दिला होता.

"कधीपासून कळतं तुला?"

"तुमच्याच बाजूला बसलो ना भैया, इतके वर्षं. कान तर होते."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"पहिले मजा यायचा," तो म्हणाला. "नंतर लाज वाटायचा. तुमच्यासाठी."

आज दादासमोर मला का वाचवलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, त्यानं हो म्हटलं असतं तर बड़े भैयांनी नाव लिहिलंच असतं. पण मला खोटा पाडून मिळालेली जागा घेऊन तो रोज त्याच बेंचवर कसा बसणार होता? गुडघ्याबद्दल मी जे बोललो ते खरंच आहे, त्याचा त्याला राग नव्हता. पोरगा चांगला आहे, हेही तोच म्हणाला.

चार वाजून गेले होते. तो पेन हातात घेत नव्हता. मी शाळेची आठवण करून दिली, मुलींचं नाव काढलं, आणि काढता काढता स्वतःची चीड आली. तो पाण्यातल्या पायाकडे बघत होता. नाही म्हणाला तर आमचा कागद परत येणार होता, पण त्या क्षणी मला लीगची पर्वा नव्हती. याची नोकरी माझ्या तोंडामुळे जाते आहे, एवढंच दिसत होतं आणि भीती वाटत होती.

"घरी गेले होते तुम्ही?" त्यानं विचारलं.

"हो."

"ती हसली असेल. काल तुम्ही सांगितलं ना, तेव्हा घरी जाऊन सांगून टाकलं मी. नाव आलं म्हणून. तिनं मिठाई आणली." तो थांबला. "आता तिला काय सांगू?"

त्यानं पेन घेतलं. ओले हात शर्टाला पुसले, कागद चांगल्या गुडघ्यावर ठेवला आणि बाराव्या ओळीत स्वतःचं नाव स्वतःच लिहून सही केली.

"माफ कर मला," मी म्हणालो. मराठीत. मला वाटलं, आता तीच आमची भाषा झाली.

त्यानं कागद माझ्या हातात दिला.

"हिंदी में कहिए भैया," तो म्हणाला. "मराठी में तो आप हमारे बारे में बोलते थे. हमसे कभी नहीं बोले."

मी हिंदीत माफी मागितली. तो मान हलवून पुन्हा पाण्याकडे वळला, आणि मी यादी घेऊन पायऱ्या चढायला लागलो.