झुंबरनानीची पहिली ओळ

झुंबरनानी सकाळचा चहा बशीत ओतायची, बशी तळहातावर धरायची आणि लगेच तोंडाला लावायची नाही. चहावरची थरथर थांबते का, ते बघायची. थांबली तर दोन घोटांत बशी रिकामी. नाही थांबली, तर बशी खाली ठेवून दोन्ही हातांत कप धरून प्यायची. 

नानी माझी सख्खी चुलती. नेवाशाजवळच्या आमच्या वस्तीवर कांदा लावणाऱ्या बायकांची टोळी तिची. या टोळीचा एक रिवाज आहे. मुकादमीण बांधाकडची पहिली ओळ धरते, बाकीच्या तिच्या मागोमाग सरकतात, आणि तिच्यापुढे कोणी जात नाही. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या अंगठ्याने रोप चिखलात दाबायचं. नानीची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ असायची. शेतमालक लागवडीचा दिवस धरण्याआधी तिची टोळी मोकळी आहे का, ते विचारायचे.

दोन वर्षांपूर्वी तिचा वेग एकाएकी वाढला. पौषातल्या थंडीत ती घामाने भिजायची. भाकरी जास्त खायची, तरी चोळी सैल होत चालली होती. या वयात काय चपळाई, म्हणून सगळ्या वस्तीने कौतुक केलं. एखाद्या आजाराचं इतकं कौतुक क्वचितच झालं असेल. छातीतली धडधड आणि उडालेली झोप तिने स्वतःपाशीच ठेवली होती. शेवटी वाफ्यातच चक्कर आली, तेव्हा नगरला नेऊन रक्त तपासलं. थायरॉईडची ग्रंथी, म्हणजे गळ्यातली गाठ, जास्तीचं काम करत होती. वस्तीला ते पटेना. थायरॉईडने बाई जाड होते, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ही तर वाळत चालली होती.

गोळ्यांनी काही महिन्यांत हात स्थिर झाले. मग नानीने कोणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. कांद्यावरचा करपा गेला की आपण फवारणी थांबवतो. तिने तोच हिशेब धरला.

गेल्या भाद्रपदात रांगड्या कांद्याची लागवड चालू होती. नानीचा अंगठा पुन्हा जागेवर पडेना. रोपं आडवी पडत होती. बांधावर उभे असलेले शेतमालक भागवत हसून म्हणाले, “मुकादमीणबाई, आज गाडी घाटात अडकली व्हय?”

 नानीने मान वळवून मागे पाहिलं. तिच्यापुढे जायला लागू नये म्हणून सगळ्या बायका मुद्दाम हळू चालल्या होत्या. एकजण बांधलेली जुडी सोडून पुन्हा बांधत होती. टोळीतली सगळ्यांत तरणी राजनंदिनी नसलेलं गवत उपटत होती, आणि मधूनच हात लांबवून नानीच्या ओळीतली आडवी रोपं सरळ करत होती.

नानी उठली. पाटाच्या पाण्यात तिने हात धुतले.

“राजे, उद्यापास्नं पयली ओळ तू धर.”

“नानी, तुमच्या म्होरं मी न्हाई जायची.”

“म्होरं कोन जा म्हनतंय? जागा राख. मी येते.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत नगरला गेले. गोळ्या आपणच बंद केल्या, हे तिने खुर्चीत बसता बसताच डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तीन वाटा समजावून सांगितल्या. पुन्हा गोळ्या घ्यायच्या, तर बराच काळ घ्याव्या लागतील, आणि थांबवल्यावर आजार परत येणार नाही याची खात्री नाही. दुसरी वाट किरणोत्सारी आयोडीनची. औषध एकदा पोटात घ्यायचं, गाठ हळूहळू निकामी होते. पण गुण यायला महिने जातात, आणि काही दिवस गरोदर बाई नि लहान मूल यांच्यापासून लांब राहावं लागतं. तिसरी वाट ऑपरेशनची. गाठच काढायची. मग जन्मभर रोज एक गोळी, गळ्यावर व्रण, आणि आवाजाला थोडा धोका.

घरी प्रत्येकाची वाट वेगळी निघाली. काका, म्हणजे सूर्यभान, गोळ्यांच्या बाजूचे. गळ्याला सुरी लावायची कल्पनाच त्यांना सोसेना. नानीची लेक पूजा पहिलटकरीण. डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्यामुळे ती सुरुवातीपासून माहेरीच होती. आईला आयोडीन घेता यावं म्हणून ती सासरी जायला तयार झाली. नानीने तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. शेजारणी म्हणाल्या, आवाज गेला तर टोळी ऐकेल का हिचं?

चार दिवस नानीचं रोजचंच चाललं होतं. रोपवाटिकेतलं गवत काढायची, बशी धरून बघायची, खाली ठेवायची. मग एका संध्याकाळी चुलीपुढे तिने सांगून टाकलं.

“गोळ्यांचं मी बघितलं. आयोडीन घेऊन लेकीपासनं लांब बसायचं, ते मला जमायचं न्हाई. आपरेशन करायचं.”

“आन् आवाज?” काकांनी विचारलं.

“टोळीला ओळ दिसाय लागती. आवाज बसला तर शिट्टी घेईन.”

ऑपरेशनआधी आजार आटोक्यात यावा म्हणून पुन्हा गोळ्या होत्या. त्या तिने एकदाही चुकवल्या नाहीत. दिवाळीनंतर गाठ काढली. काही आठवडे आवाज घोगरा होता. मग परतला, थोडा जाड होऊन. गळ्यावरचा व्रण ती पदराने झाकत नाही. कोणी विचारलं तर मान वर करून दाखवते.

पौषात गावरान कांद्याची लागवड सुरू झाली आणि नानी भागवतांच्या शेतावर गेली. तिथे कळलं की राजनंदिनीने पहिली ओळ धरलीच नव्हती. नानी नव्हती तेवढे दिवस टोळी बांधाकडची ओळ मोकळी सोडून काम करत होती, आणि वाफा भरला की शेवटी सगळ्या मिळून ती लावत होत्या. त्या दिवशीही ती मोकळीच होती. बायका आपापल्या जागी बसून राहिल्या होत्या.

नानीने त्यांच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि जुडी उचलली. आता तिचा वेग पूर्वीच्या त्या आजारी वेगासारखा नव्हता. तो तिचा स्वतःचा होता, आणि अंगठा जिथे ठरवला तिथेच उतरत होता.

दिवस भरत आलेली पूजा, आता डॉक्टरांनीच थोडं चालायला सांगितलं होतं म्हणून, सावकाश चालत चहा घेऊन आली. नानीने बशीत ओतला आणि न बघताच पिऊन टाकला. पुढची जुडी हातात घेत म्हणाली, “पूजे, उन्हात थांबू नको. आन् जाताना भांडं घिऊन जा, न्हाईतर हितंच ऱ्हाईल.”